टपालानें आलेली विद्या

कै. धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाची विद्या विलायतेंत शिकून आले, असें सर्रास लिहिलें जातें. कालक्रम पाहतां हें अर्धसत्य ठरतें. १९१२ च्या फेब्रुवारींत ते निघाले व एप्रिलच्या आरंभीं परतले. बोटीचे दिवस वजा जातां शिकण्यास उरले किती? खरें अध्ययन त्यापूर्वीं मुंबईंतच झालें होतें. १९११ मध्यें गिरगांवांत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिल्यावर चाळिशींतल्या या गृहस्थांनीं युरोपांतून ग्रंथ, सूचिपत्रें व कांहीं साहित्य मिळविलें, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची वर्गणी भरली, आणि रात्रीं मेणबत्ती व भिंग यांच्या साह्यानें भिंतीवर चित्रें पाडून पाहिलीं. शंका विचारावी कोणास? एकलव्यास निदान गुरूची मूर्ति तरी होती! जागरणांनीं दृष्टि जवळजवळ गेली. ती उपचारांनीं परत आली. पुढें विम्याचीं पत्रें गहाण पडलीं. लंडनमध्यें त्यांनीं गाठली ती त्याच साप्ताहिकाची कचेरी. संपादकांनीं आधीं परावृत्त करून पाहिलें, मग हेपवर्थ यांची ओळख करून दिली. तेथें घडलें तें वाचलेल्याचें प्रत्यक्ष दर्शन. ‘राजा हरिश्चंद्र’चें काम दादरला झालें, ३ मे १९१३ रोजीं तो गिरगांवांत लागला.