किफायतीचे घर : मराठवाड्यातील थंडीच्या दिवसांचा एक अलिखित इतिहास

मराठवाड्यातील मुसलमानांचा इतिहास लिहिताना आपली लेखणी साधारणतः तीन ठिकाणी थांबते : निजामाचा दरबार, रझाकारांची चळवळ आणि १९४८ची पोलीस ॲक्शन. या इतिहासात नवाब, जहागीरदार, वकील आणि पुढारी भेटतात. पण त्याच काळात नांदेड, कंधार, देगलूर, लातूर, औसा, उदगीर या गावांतल्या हजारो घरांत पहाटे जाते फिरत होते, चूल पेटत होती आणि संध्याकाळी हंड्यातले उरलेले धान्य मापून पुढच्या महिन्याचा हिशेब मनात मांडला जात होता. या हिशेबाची वही कुणी ठेवली नाही, कारण तो मांडणाऱ्या बहुतेक स्त्रियांना लिहिता येत नव्हते. ज्यांना येत होते, त्यांना ही लिहून ठेवण्यासारखी गोष्ट वाटली नाही. आपल्या समाजाने जे आघात पचवले ते कोणत्या बळावर, हे समजून घ्यायचे तर या घरातच शिरावे लागेल.

घर पाहायचे तर हिवाळ्यात पाहावे. उन्हाळा वाळवणाचा, पावसाळा पेरणीचा आणि हिवाळा घरात आणण्याचा. दिवाळीच्या आसपास खरिपाची ज्वारी निघते. कापसाची वेचणी सुरू होते. पौषात तूर खळ्यावर येते, रब्बीची ज्वारी हुरड्यात असते, हरभरा कोवळा असतो आणि गुऱ्हाळे चालू असतात. वर्षभराची बेगमी या तीन-चार महिन्यांत होते. या दिवसांत जी घरधनीण चुकली तिला आषाढात उसनवारी करावी लागते, हे गणित शेत असलेल्या घरालाही लागू होते आणि मजुरीवर जगणाऱ्या घरालाही.

रोख पैसा तेव्हा थोडाच. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले. सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार मिळत. मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० साली सुरू झाली आणि बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली लातूरला पोचली. त्यामुळे कापूस आणि धान्याचा व्यापार वाढला, पेठा भरल्या. तरीही खेड्यातल्या घराचा मोठा व्यवहार धान्यावरच चाले. मुलाणी गावच्या बलुतेदारांपैकी एक. पिंजारी, अत्तार, मणेर, तांबोळी, बागवान यांचेही पोट गावाच्या सुगीवर अवलंबून. सुगीत पायली-दोन पायली धान्य मिळाले तर वर्ष निघे. म्हणूनच आलेला दाणा टिकवणे हे कमावण्याइतकेच मोलाचे काम होते, आणि ते बायांचे होते.

ही टिकवण्याची विद्या बारकाईने पाहण्यासारखी आहे. ज्वारी शेणाने सारवलेल्या कणगीत जायची, मोठ्या घरांत जमिनीखालच्या पेवात. धान्यात कडुनिंबाचा पाला, कडधान्याला राख, डाळीला एरंडेलाचे बोट. तूर घरीच भरडली जाई. डाळ माणसांना, चुणी आणि टरफले शेळीला, तुराट्या चुलीला आणि कुडाच्या भिंतीला. चुलीतली राख पुन्हा भांडी घासायला. अंबाडीचा पाला भाजीला, लाल बोंडे चटणीला, सालीचा वाख दोरखंडाला. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून ताजी भाजी व्हायची, उरलेला पाला वाळवून मडक्यात. शेंडे खुडल्याने झाड अधिक फुटते आणि घाटे वाढतात, हे कोणत्याही कृषी खात्याने सांगण्याआधी या बायांना ठाऊक होते. घरची शेळी आणि चार कोंबड्या ही तर तिची स्वतःची तिजोरी. अंडी विकून आलेल्या आण्यांवर घरातल्या पुरुषाने हक्क सांगायचा नाही, असा न बोललेला करार अनेक घरांत असे.

या शहाणपणाला आपल्या दखनी बोलीत ‘किफायत’ असा शब्द आहे. किफायत आणि कंजुषी यांत आपल्या घरांनी नेहमीच फरक केला. कंजूष माणूस साठवतो ते स्वतःपुरते. किफायत करणारी बाई दारात आलेल्या फकिराची मूठ वेगळी काढून मगच पीठ मळायची. लातूर भागात वेळ अमावस्येला शेतात कडब्याची कोप उभी राहते. आंबील, भज्जी आणि उंडे असा बेत असतो. त्या दिवशी वाटेवरच्या अनोळखी माणसालाही जेवायला बोलावतात. शेती असलेली मुस्लिम कुटुंबेही या दिवशी शेतात जातात. वर्षभर दाणा मोजणारे हात एक दिवस न मोजता वाढतात, हाही त्याच किफायतीचा भाग.

थंडीचा दुसरा मोठा प्रश्न पांघरुणाचा. मराठवाड्यात रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि पहाटेचा वारा अंग कापून काढतो. नांदेड परिसर गावरानी कापसाचा. नांदेडच्या तलम मलमलीचे कौतुक इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरात नोंदलेले आहे आणि पुढे निजामाच्या काळात उस्मानशाही मिलही याच शहरात उभी राहिली. पण मलमल आणि मिलचे कापड पेठेत गेले. घरात उरल्या त्या जुन्या लुगड्या, लुंग्या आणि कुडत्यांच्या चिंध्या. त्यांचे थर लावून गोधडी शिवायची. जरा बऱ्या घरात कापसाची रजई. दोन-तीन वर्षांनी रजईतला कापूस गठ्ठे धरतो, मग पिंजारी बोलवायचा. खांद्यावर पिंजण घेऊन तो गल्लीत आला की तिच्या तातीच्या आवाजावरूनच मुलांना कळायचे. जुनाच कापूस पिंजून पुन्हा फुलून यायचा आणि त्याच खोळीत भरला जायचा. नवे काही विकत न घेता घर उबदार व्हायचे. गोधडीत आजोबांची लुंगी, आईचा ओढणीचा तुकडा आणि मेलेल्या भावाचा सदरा एकत्र असे. घराण्याची वंशावळ पाहायची तर बऱ्याच घरांत तीच एक उपलब्ध होती.

अशा या घरावर १९४८ साली वज्राघात झाला. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत पोलीस ॲक्शन पूर्ण झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. रझाकारांनी आधी हिंदू रयतेवर केलेले अत्याचार खरे होते आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण त्याचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला त्यांतल्या असंख्य माणसांचा रझाकारांशी संबंध नव्हता. केंद्र सरकारने पाठवलेले पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे पथक २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरले. सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर शहर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातच होते. लातूर शहरातल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार तिथे उरल्याचे या पथकाला आढळले.

या तारखांकडे नीट पाहिले पाहिजे. पथक फिरत होते ते ऐन थंडीत, बेगमीच्या दिवसांत. त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यात बकरी ईद येऊन गेली होती, नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोहरम लागला होता. लूट आणि जाळपोळ झालेल्या घरांत कणगी भरायची वेळ आली तेव्हा भरायला काही नव्हते, आणि खूप घरांत शेतावरून दाणा आणणारा पुरुषही नव्हता. पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, जहागिरी संपल्या. दरबारच्या आणि जहागिरीच्या नोकरीवर जगणाऱ्यांचा आधार तुटला. काही कुटुंबे हैदराबादला गेली, काही कराचीला. जी राहिली त्यांची चूल कोणी पेटती ठेवली? दळण दळून देणाऱ्या, शेजारणीच्या गोधड्या शिवून देणाऱ्या, एका शेळीवर दोन लेकरे वाढवणाऱ्या विधवांनी. घरात शिकलेली किफायत आता घराबाहेर पोटाचे साधन झाली.

सुंदरलाल अहवालातली आणखी एक नोंद विसरता येणार नाही. एकाच व्यवसायातल्या माणसांत आपुलकी विशेष दिसली, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही दिले, असे त्यात म्हटले आहे. हातमागाच्या, सुताच्या, रोजच्या देवघेवीच्या धाग्याने बांधलेली माणसे एकमेकांना सोडून गेली नाहीत. हा अहवाल दीर्घकाळ दडवून ठेवला गेला, त्यामुळे ही बाजूही दडून राहिली.

दुसरी परीक्षा १९७२च्या दुष्काळाची. कणगी रिकामी, पेव रिकामे, जनावरे बाजारात. परदेशातून आलेली लालसर मिलो ज्वारी रेशनवर मिळे आणि कामाच्या जागी सुकडी. ज्या घरांतल्या बायका कधी उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या, त्यांतल्याही अनेकजणी खडी फोडायला गेल्या. बुरख्याचा, अब्रूचा प्रश्न भुकेने एका आठवड्यात सोडवला. दुष्काळ सरल्यावर हायब्रीड ज्वारी सर्वत्र पसरली. दाणा वाढला, कडबा घटला आणि भाकरीची चव गेली, अशी तक्रार चुलीपुढच्या बायांनी केली. ती ऐकायला मात्र कोणी आले नाही.

तिसरी परीक्षा किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरील गावांत जवळजवळ आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ही घरे. हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणारी, गावातल्याच दगड-मातीतून उभी राहिलेली, खरी स्वावलंबी घरे. त्याच भिंतींनी आपल्या माणसांना गाडले. तो हिवाळा उरलेल्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये काढला. पत्रा दिवसा तापतो आणि रात्री बर्फ होतो. त्या शेडमध्ये मुसलमान, मराठा, लिंगायत, दलित सगळ्यांच्याच चुली शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. पुढे पक्की घरे मिळाली, सरळ रेषेतल्या वसाहती झाल्या. पण त्यांत गोठ्याला जागा नव्हती, कणगीला कोपरा नव्हता. शेळी दारात बांधता येईना, गोवऱ्या थापायला अंगण उरले नाही. निवारा मिळाला आणि घराची उत्पादनाची जागा गेली.

या साऱ्याचे गोडवे गाणे मात्र बरे नाही. किफायत हा गुण असला तरी तो बहुतेकींनी निवडलेला नव्हता, गरिबीने लादलेला होता. सगळ्यांची जेवणे झाल्यावर जी भाकरी उरे ती तिची, आणि उरली नाही तर काटकसर तिच्या पोटाची. धुराने डोळे तिचे गेले, जात्याने खांदे तिचे झिजले. कुरआनने बापाच्या मालमत्तेत मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. तो मागणाऱ्या बहिणीला माहेर तुटल्याचे ऐकवणारे भाऊ आपल्यातलेच. शेळीच्या पैशावर तिचा हक्क मान्य करणारे घर शेताच्या सातबाऱ्यावर तिचे नाव लागू देत नव्हते.

सरकारी हिशेबातही तिची जागा नाही. फक्त घरकाम करणाऱ्या स्त्रीला जनगणना काम न करणाऱ्यांत धरते. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालाने दाखवले की कामकरी मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे सत्तर टक्के आपल्या घरात बसूनच काम करतात. सर्व समाजांच्या कामकरी स्त्रियांत हे प्रमाण एक्कावन्न टक्के आहे. शिलाई, भरतकाम, पापड, गोधडी यांना किमान वेतन नाही, कामाचे तास नाहीत. २०१९च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकामात असलेल्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७, असे आढळले. म्हणजे जात्याची जागा गिरणीने घेतली, चुलीची गॅसने, तरी दिवस तिचाच मोडतो.

आज नांदेड-लातूरच्या मोहल्ल्यांतून पिंजण जवळजवळ नाहीशी झाली. रजयांची जागा दुकानातल्या ब्लँकेटांनी घेतली. त्याची हळहळ करून पिंजण परत येणार नाही, आणि पहाटे तीनला उठून दळणारी बाईही परत यावी असे कुणाला वाटू नये. पण १९४८, १९७२ आणि १९९३चे हिवाळे ज्यांनी निभावून नेले, त्यांच्या हिशेबाची वही आता तरी कुणी लिहायला हवी. ज्यांनी किल्लारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये संसार पुन्हा मांडला, त्या स्त्रिया आज आपल्याच घरांत आहेत, साठी-सत्तरी ओलांडून. आपल्या लिहित्या मुलींनी त्यांच्याजवळ बसावे, कणगी कशी सारवली, पहिली रजई कोणत्या कापडाची, कोणत्या वर्षी काय विकावे लागले, हे विचारावे आणि लिहून ठेवावे. आणि लिहून झाले की सातबाऱ्यावर त्यांचे नाव आहे का, तेही एकदा पाहावे.