धनगरी ओवी आणि हक्काचा प्रश्न : माणदेशातील मौखिक परंपरेचा एक विचार

प्रस्तावना :
सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुका हा माणदेशाचा भाग होय. संस्थानी काळात आटपाडी हा औंध संस्थानाचा एक महाल होता. कमी पावसाच्या या प्रदेशातील मेंढपाळ धनगर समाजाने आपला इतिहास कागदावर नव्हे, तर ओवीत जतन केला. गायन आणि गद्य कथन अशा दुहेरी स्वरूपाच्या या ओवीत बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या कथांबरोबरच मेंढरांच्या वाटा, चराऊ राने व दुष्काळ यांची स्मृतीही साठविलेली आहे. या ज्ञानाचे संकलन झाल्यावर त्यावर हक्क कोणाचा राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकलनाचा इतिहास :
माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीद्वारे धनगरवाडीचे जीवन लिखित साहित्यात आणले. पुढे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांमध्ये राहून त्यांच्या ओव्या व कथा ध्वनिमुद्रित केल्या. त्यांचा बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील ग्रंथ १९७६ मध्ये जर्मन भाषेत, तर अॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या परंपरेकडे मराठी विद्वानांचे दुर्लक्ष झाले होते, तिला सोन्थायमर यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि, ज्यांच्या मुखातून ही सामग्री आली त्यांना वाचता न येणाऱ्या भाषांतच ती प्रथम ग्रंथरूप झाली, हेही तितकेच खरे आहे.

याउलट हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि ओवीबरोबर गाणाऱ्या स्त्रीचे व तिच्या गावाचे नाव नोंदविले गेले. संकलन करूनही गायकाची ओळख पुसली जाऊ नये, याचा हा महाराष्ट्रातीलच वस्तुपाठ होय.

कायद्याची मर्यादा :
भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ हा ज्ञात लेखक व ठरावीक मुदत या कल्पनांवर उभा आहे. पिढ्यान्पिढ्या घडत गेलेल्या ओवीला असा एक लेखक नसतो. मात्र तिच्या ध्वनिमुद्रणाचा 'लेखक' म्हणून कायदा निर्मात्याला ओळखतो. अर्थात, यंत्र ज्याचे, हक्क त्याचा. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क प्रथमच कायद्यात आणला आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे असा नैतिक हक्कही दिला. परंतु हा हक्क व्यक्तीचा आहे, समूहाचा नव्हे.

मूळनिवासी जनसमूहांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००७ च्या जाहीरनाम्यात (अनुच्छेद ३१) सांस्कृतिक वारशावर समूहाचे नियंत्रण मान्य केले आहे. महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमाती (क) या प्रवर्गात मोडतो. त्यामुळे तो जाहीरनामा त्यास थेट लागू होतो असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याचे ज्ञान, त्याची संमती हे तत्त्व प्रवर्गावर अवलंबून नाही.

समारोप :
हा प्रश्न परदेशी अभ्यासकांपुरता नाही. आपल्याच महाविद्यालयांतील विद्यार्थी प्रकल्पांसाठी वाड्यावस्त्यांवर ओव्या मुद्रित करतात. प्रकल्पाला गुण मिळतात, मार्गदर्शकाचा शोधनिबंध छापला जातो आणि गाणारा बहुधा 'एक वृद्ध धनगर' एवढाच उरतो. ही जबाबदारी आपण प्राध्यापकांनी स्वीकारली पाहिजे. मुद्रणापूर्वी मराठीत समजावून घेतलेली संमती, गायकाचे नाव त्याच्या इच्छेनुसार देणे, काही कथन न छापण्याची त्याची विनंती पाळणे व मुद्रणाची प्रत वस्तीवर परत पोहोचविणे, या चार गोष्टींसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. त्या पाळल्या तरच आपले संकलन हे जतन ठरेल. अन्यथा ते केवळ हस्तांतरण होय.