जतन केलेल्या वेबपानाची साक्ष

१. प्रश्न

पिंपरी-चिंचवड ते चाकण-तळेगाव या पट्ट्यात नियम बदलतात, संस्था बदलतात, कारखान्यांचे मालकही बदलतात. 1 एप्रिल 2013 पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेची जकात गेली आणि स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली. 1972 मध्ये स्थापन झालेले पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण 2021 मध्ये विसर्जित झाले आणि त्याचे क्षेत्र पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) व महापालिका यांच्यात वाटले गेले. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला, डिसेंबर 2020 मध्ये तिथले उत्पादन थांबले आणि जानेवारी 2024 मध्ये तो ह्युंदाईकडे गेला. अशा प्रत्येक बदलात दर, अटी, नकाशे आणि सुट्या भागांची माहिती देणारी वेबपाने बदलू शकतात किंवा नाहीशी होऊ शकतात. भोसरीच्या लघुउद्योजकाला मात्र पुढे कधीतरी सांगावे लागते, की अमुक तारखेला अमुक अट जाहीर होती.

त्यासाठी ‘जुनी प्रत सापडली’ एवढे पुरत नाही. ती नेमकी कोणत्या क्षणाची, तिच्यात काय आले व काय राहिले, आणि ती तीच असल्याची खात्री कशावरून, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता आली तरच ती साक्ष ठरते.

२. संग्रहाची रचना

1996 मध्ये सुरू झालेल्या इंटरनेट अर्काइव्हने आपला वेबसंग्रह 2001 मध्ये ‘वेबॅक मशीन’ या नावाने सर्वांसाठी खुला केला. पानांच्या प्रती ‘वॉर्क’ या प्रमाणित स्वरूपाच्या फायलींत राहतात आणि त्यांची सूची वेगळी ठेवली जाते. सूचीच्या प्रत्येक ओळीत पत्त्यापासून केलेली किल्ली, मूळ पत्ता, चौदा अंकी कालमुद्रा, फायलीचा प्रकार, सर्व्हरने दिलेला स्थितिअंक आणि मजकुराचा ठसा असतो. किल्लीत पत्त्यातील संकेतस्थळाचे नाव उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटच्या ‘इन’ किंवा ‘कॉम’सारख्या भागापासून लिहितात. त्यामुळे एका संकेतस्थळाची सगळी पाने सूचीत सलग येतात.

३. तीन क्रिया

पायथन भाषेतील ‘वेबॅकपाय’ हे लायब्ररीरूप साधन या संग्रहाशी तीन वाटांनी बोलते. पहिली वाट जतनाची: पत्ता दिला की संग्रह ते पान टिपतो. दुसरी उपलब्धतेची: दिलेल्या वेळेच्या सर्वांत जवळची प्रत आहे का, ते कळते. तिसरी सूचीची: एका पत्त्याच्या किंवा पूर्ण संकेतस्थळाच्या सर्व नोंदी गाळून मागवता येतात.

या वाटा एकमेकींची जागा घेत नाहीत. जतनाची विनंती केल्यावर नवी प्रत न घेता नुकतीच घेतलेली प्रतही परत येऊ शकते, म्हणून मिळालेली कालमुद्रा तपासावी लागते. वेबॅकपायमध्ये त्यासाठी वेगळा गुणधर्मच आहे. विनंत्या फार वेगाने पाठवल्या तर सर्व्हर 429 हा अंक देऊन थांबवतो. तेव्हा दोन विनंत्यांत अंतर ठेवणे हा पद्धतीचाच भाग मानावा.

४. वेळ

कालमुद्रा जागतिक प्रमाणवेळेची असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. जकात संपून एलबीटी सुरू झाला ती मध्यरात्र संग्रहाच्या हिशेबात 20130331183000 अशी येते. त्यानंतरच्या प्रतीवर 31 मार्च दिसला तरी ती भारतात नव्या आर्थिक वर्षाची असते. निविदेची मुदत सायंकाळी पाचला संपत असेल, तर संग्रहात तो क्षण सकाळी साडेअकराचा.

दुसरी अडचण ‘सर्वांत जवळची’ या अटीत आहे. ती प्रत मागितलेल्या वेळेआधीची असू शकते, तशी नंतरचीही. मार्चच्या दराविषयी विचारले आणि जूनचे पान मिळाले, तर त्यावरून मार्चचा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंची प्रत घ्यावी. आधीच्या प्रतीत जुना दर आणि नंतरच्या प्रतीत नवा दर असेल, तर बदल त्या दोहोंच्या मध्ये कधीतरी दिसू लागला, एवढेच सिद्ध होते. अंतर जितके कमी, तितके विधान बळकट.

५. ठसा

सूचीतील ठसा एसएचए-1 पद्धतीने काढलेला, 32 अक्षरांचा असतो. दोन नोंदींचे ठसे सारखे असतील तर मजकूर तोच आहे असे व्यवहारात धरता येते. सलग सारखे ठसे असलेल्या नोंदी वगळण्याची सोय सूचीत आहे, आणि शेकडो नोंदींतून बदलाच्या जागा त्यामुळे वेगळ्या निघतात. याचा व्यत्यास मात्र खरा नाही. पानावर आजची तारीख किंवा भेटींचा आकडा असेल तर अट तीच राहूनही ठसा बदलतो. ठसा फक्त कुठे पाहायचे ते दाखवतो; काय बदलले हे मजकूर वाचूनच ठरते.

६. अपूर्णता

निविदेचे पान जतन झाले म्हणजे त्यावरून जोडलेली पीडीएफ जतन झाली असे नव्हे. तिचा पत्ता वेगळा, म्हणून तिची नोंदही वेगळी, शुद्धिपत्रकाचेही तसेच. एका प्रतीतील चित्रे आणि मांडणी वेगळ्या दिवशी टिपलेली असू शकतात. लॉगिनमागची पुरवठादार पोर्टले, तात्पुरत्या सत्रावर चालणाऱ्या लिंका आणि परदेशी सर्व्हरना अडवणारी संकेतस्थळे या वाटेने हाती लागत नाहीत.

जुन्या मराठी पानांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक संकेतस्थळे स्वतःच्या फाँटवर चालत. तो फाँट नसेल तर जतन झालेले पान निरर्थक अक्षरांचे दिसते आणि त्यात शब्द शोधताही येत नाही. अशा पानासोबत फाँटची फाइलही शोधून ठेवायला हवी.

७. पुरावा आणि पद्धत

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे नोंदीचा ठसा, नोंदवावे लागते. वेबॅक मशीन नेहमीच्या पाहणीत पानावर स्वतःची पट्टी लावते आणि लिंका बदलते. कालमुद्रेपुढे ‘आयडी’ची खूण जोडली की मूळ मजकूर मिळतो. हॅश त्याच प्रतीचा काढावा.

एकाच संग्रहावर विसंबणेही बरे नाही. ऑक्टोबर 2024 मधील सायबर हल्ल्यानंतर हा संग्रह काही दिवस बंद होता आणि पुढे काही काळ फक्त वाचता येत होता.

यावरून पद्धत अशी निघते. ज्या पानावर करार, निविदा किंवा कर अवलंबून आहे, ते त्या दिवशीच जतन करावे. त्याच्या जोडफायली स्वतंत्रपणे जतन कराव्यात. मिळालेली कालमुद्रा भारतीय वेळेसह टिपावी, मूळ प्रत स्वतःकडे ठेवून तिचा हॅश काढावा आणि दर महिन्याला सूची तपासावी. प्रोग्रॅम एकदा लिहिला की हे काम कारखान्याच्या रोजच्या नोंदींइतके नियमित होऊ शकते. मोठ्या कंपन्यांकडे कायदा विभाग असतो. लहान पुरवठादाराकडे नसतो. म्हणून या पद्धतीची खरी गरज त्यालाच आहे, आणि वाद उभा राहण्याच्या आधी आहे.