चार बोटांचा फरक

मावळात दिवाळीची चाहूल आकाशकंदिलानं लागत नाही. ती लागते पोरांच्या हातापायांना लागलेल्या चिखलानं. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून पोरं घरी आली, की दप्तर एकीकडे आणि घमेलं दुसरीकडे. कुणी फुटक्या विटा गोळा करतंय, कुणी गोणपाट मागतंय, कुणी भाताच्या खाचरातून चिकण माती आणतंय. वसुबारसेच्या आत अंगणात किल्ला उभा राहिला पाहिजे, हा आमच्याकडचा अलिखित नियम.

माझं लहानपण मळवलीजवळच्या एका खेड्यात गेलं. घराच्या ओट्यावर उभं राहिलं की समोर लोहगड आणि त्याच्या शेजारी विसापूर. बाकीच्या महाराष्ट्रातली मुलं चित्रात बघून किल्ला करतात, आम्ही मान वर करून बघत करायचो. पुढं मी शिक्षक झालो. चौथीच्या वर्गाला शिवाजी महाराजांचा इतिहास अनेक वर्षं शिकवला. पण आज मी शाळेतल्या इतिहासाबद्दल बोलणार नाही. घरच्या अंगणात, मातीत हात घालून मुलं जो इतिहास शिकतात, त्याबद्दल बोलणार आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगणार आहे.

माझे आजोबा शेतकरी. सही पुरतीच अक्षरओळख. इतिहासाचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. पण आमचा किल्ला झाला, की संध्याकाळी गुरं बांधून ते यायचे, उकिडवे बसायचे आणि किल्ला चांगला की वाईट काही न बोलता एकेक प्रश्न टाकायचे.

पहिला प्रश्न ठरलेला. "गडावं पानी कुठं हाय?"

आम्ही तट, बुरूज, झेंडा, सिंहासन सगळं केलेलं असायचं. पाणी विसरलेलं असायचं. मग घाईघाईनं माथ्यावर खड्डा खणायचा. खणलेली माती कुठं टाकायची? आजोबा म्हणायचे, "टाकतुस कशाला? तटाला लाव." फार पुढं, गडांवर हिंडताना, माझ्या लक्षात आलं की खऱ्या गडांवरही हेच केलेलं आहे. टाक्यासाठी कातळ फोडायचा आणि त्यातून निघालेला दगड तटबंदीला वापरायचा. एका कामात दोन कामं. लोहगडाच्या पायथ्याची भाजे लेणी दोन हजार वर्षांहून जुनी, तिथंही भिक्षूंसाठी कातळात पाण्याच्या पोढी खोदलेल्या आहेत. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण उतारावरून तो वाहून जातो. ज्यानं तो माथ्यावर अडवला, त्याचाच गड उन्हाळ्यात टिकला. लोहगडावर सोळा कोनांचं एक देखणं तळं आहे, ते नाना फडणवीसांनी बांधल्याचं सांगितलं जातं. आमच्या खड्ड्यात ओतलेलं पाणी मात्र दहा मिनिटांत जिरून जायचं. मग आम्ही त्यात नारळाची करवंटी बसवायचो. माती पाणी पिते आणि कातळ पाणी धरतो, हा भूगोलाचा धडा मी असा शिकलो.

दुसरा प्रश्न, "वर जायाची वाट कंची?"

आम्ही पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ जिना काढलेला असायचा. आजोबा शेजारचा मातीचा हत्ती उचलून त्या जिन्यावरून थेट वर चढवायचे आणि दरवाजावर टेकवायचे. म्हणायचे, "शिरला की रं गनीम!" मग आम्ही जिना मोडायचो. पायऱ्या वळवायच्या, दरवाजा बुरुजाच्या आड लपवायचा, एक दरवाजा पडला तर पुढं दुसरा ठेवायचा. लोहगड चढलेल्यांना हे आठवेल. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात आणि वाट अशी वळत जाते की चढणारा माणूस सतत वरच्या तटाच्या माऱ्यात राहतो. ही रचना पुस्तकात दोन ओळींत येते. हत्ती घेऊन बसलेल्या मुलाला ती समजावून सांगावी लागत नाही.

किल्ला पुरा झाला की आमचा आणखी एक खेळ असे. तांब्याभर पाणी डोंगराच्या धारेवर हळूहळू ओतायचं. निम्मं अलीकडे येई, निम्मं पलीकडे जाई. अलीकडचं पाणी इंद्रायणीचं, पलीकडचं पवनेचं, कारण लोहगड-विसापूरची डोंगररांग या दोन नद्यांच्या मधोमध उभी आहे. अलीकडचा थेंब देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेत जातो. पलीकडचा आता आधी पवना धरणात थांबतो, मग मुळा-मुठेतून तोही भीमेलाच मिळतो. आजोबा वारकरी. ते म्हणायचे, "कुठनं बी जाऊ दे, पंढरपुरात गाठ हायेच."

आता जरा बाहेरच्या जगात डोकावू. लहान मुलानं हातानं करून शिकावं, हा विचार युरोपात मोठ्या कष्टानं रुजला. जर्मनीत फ्रोबेलनं १८३७ साली ब्लँकेनबुर्ग इथं लहान मुलांसाठी काम सुरू केलं, लाकडी ठोकळे हे त्याचं मुख्य साधन. मारिया माँटेसोरी १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धामुळं १९४६ पर्यंत इथंच राहिल्या. त्यांची साधनं शास्त्रशुद्ध, पण घडवून घ्यायला महाग. आपल्याकडे हा विचार मराठी मातीत आणला तो ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना करून, १९४५ मध्ये त्या बोर्डीच्या किनाऱ्यावर आल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. तिथं खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी महागडी साधनं परवडणार नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती हीच साधनं झाली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेऊ, यातून अंगणवाडीची कल्पना पुढं आली.

मी शिक्षक झाल्यावर ताराबाईंबद्दल वाचलं, तेव्हा मला आजोबा आठवले. मूल करत असताना मोठ्या माणसानं हात घालायचा नाही, फक्त योग्य वेळी प्रश्न विचारायचा, हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. आणि तरीही वर्गात मी काय केलं? फळ्यावर सनावळ्या लिहिल्या. लोहगड स्वराज्यात आला १६४८. पुरंदरच्या तहात मोगलांना दिला १६६५. परत घेतला १६७०. इंग्रजांनी घेतला १८१८. मुलांनी त्या घोकल्या, परीक्षेत लिहिल्या आणि मी बरोबरच्या खुणा केल्या. लोहगडासारखा बळकट गड १८१८ साली इंग्रजांच्या हाती कसा गेला, हे एकाही मुलानं मला विचारलं नाही. खरं सांगायचं तर, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. हीच माझी चूक.

तो प्रश्न मला विचारला माझ्या नातीनं, आणि तोही मातीच्या किल्ल्यामुळं.

मुलगा नोकरीनिमित्त शहरातल्या एका सोसायटीत राहायला गेला. तिथं मुलांनी दोन दिवाळ्या पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला केला. तिसऱ्या वर्षी सूचना लागली, आवारात माती आणू नये, फरशी खराब होते. मग बाजारातून प्लास्टर ऑफ पॅरिसचा रंगवलेला तयार किल्ला आला. दिसायला सुबक. नात सात वर्षांची. तिनं मावळे मांडले, पणती लावली आणि पाचव्या मिनिटाला ती दूरदर्शनसमोर जाऊन बसली. करण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या दिवाळीला मी तिला गावी आणलं. ओट्यावर उभं केलं आणि म्हटलं, समोर दिसतंय ते कर. तिनं दोन्ही गड करायला घेतले. विंचूकाटा, म्हणजे लोहगडाची ती लांबलचक सोंड, तिनं तीनदा मोडून केली. लोहगड पायथ्यापासून दोन फुटांचा झाला. मग विसापूर. समुद्रसपाटीपासून लोहगड सुमारे चौतीसशे फूट आणि विसापूर त्याच्याहून साधारण दीडशे फूट उंच. आमच्या मापानं विसापूर तीन इंच, म्हणजे फक्त चार बोटं उंच निघाला. मधे गायमुख खिंड. माती भेगाळू नये म्हणून तिनं त्यात भाताचा भुसा मळला, उतारावर अळीव पेरले, तोफेच्या जागी आगपेटीची काडी ठेवली.

संध्याकाळी मी आजोबांसारखाच उकिडवा बसलो. पाणी विचारलं, वाट विचारली. तिसरा प्रश्न आजोबांचा असे, "शेजारी कोन हाय?" लहानपणी मला वाटायचं, ते मावळे कमी पडले म्हणून विचारतात. आम्ही तिथं आणखी चार मावळे ठेवून द्यायचो. नातीनं तसं केलं नाही. ती पोटावर आडवी झाली, गाल विसापूरच्या माथ्याला टेकवला, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "आजोबा, इथून लोहगडाच्या आतलं सगळं दिसतंय. मग शत्रू इथं आला तर?"

मी गप्प झालो. घरात जाऊन पुस्तकं काढली. ४ मार्च १८१८ रोजी इंग्रज अधिकारी प्रॉथर याच्या फौजेनं आधी विसापूर घेतला. दुसऱ्याच दिवशी मराठ्यांनी लोहगड सोडला. चार दरवाजे, वळणाची वाट, पाण्यानं भरलेली टाकी, सगळं जागच्या जागी होतं. पण वरच्या डोंगरावर तोफ चढली की खालच्या गडाचा तट कुणाला वाचवणार? आमच्या अंगणातल्या त्या चार बोटांच्या फरकात १८१८ सालाचं उत्तर होतं.

आपल्या पूर्वजांना हे माहीत नव्हतं असं नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, गड कसा असावा याचा विचार आहे. आधी पाणी पाहावं, मगच गड बांधावा. गडाच्या जवळ दुसरा डोंगर नसावा. असल्यास तो सुरुंगानं फोडून कमी करावा, आणि ते जमण्यासारखं नसेल तर तोही बांधून बळकट करावा, असा त्याचा आशय. विसापूरएवढा डोंगर कोण फोडणार? म्हणून तोही बांधला. १६६५ च्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना दिले, त्यांत लोहगड आहे तसा विसापूरही आहे, आणि आमचे तुंग-तिकोनाही आहेत. हे जोडगड आहेत. एक गेला की दुसरा धरणं कठीण. पाणी, वाट, शेजार. अमात्यांनी लिहिलेलं तेच माझे निरक्षर आजोबा पोरांच्या किल्ल्याला विचारत होते. गडाखाली पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या माणसांकडे ते ज्ञान तोंडातोंडी आणि हातोहात आलं असणार.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात लोहगड आहे. आम्हा मावळकरांची छाती फुगली. पण दगडी लोहगड जपायला सरकार आहे, पुरातत्त्व खातं आहे. अंगणातला लोहगड कोण जपणार? तो दरवर्षी मोडतो आणि दरवर्षी नव्यानं करावा लागतो. एका पिढीनं तो केला नाही, तर पुढच्या पिढीला तो विचारायला कुणी उरत नाही.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना माझं सांगणं आहे. अंगण नसेल तर मोठी परात घ्या, जुना पाट घ्या, गॅलरीच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरा. रोपवाटिकेत पोतंभर माती मिळते. खाली विटा किंवा खोकी, वर भिजवलेलं गोणपाट, त्यावर माती, एवढं पुरतं. अळीव दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी पेरले, तर नरकचतुर्दशीला डोंगर हिरवा होतो. आपल्या गावाजवळचा जो गड असेल तोच करू द्या. तो हुबेहूब झाला नाही तरी चालेल. बुरूज वाकडा झाला तर वाकडाच राहू द्या, आपण हात घालू नका. दिवसभराचं काम झालं की जवळ बसा आणि पाणी, वाट, शेजार एवढं विचारा. उत्तर लगेच येणार नाही. मला तिसऱ्याचं उत्तर यायला साठ वर्षं लागली.

गेल्या दिवाळीत नातीनं विसापूरवर एक तोफ आणि दहा मावळे बसवले, लोहगडावर कमी. शेजारच्या पोरानं विचारलं, महाराज तर लोहगडावर आहेत, मग माणसं तिकडं का? ती हात न धुताच त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "इथं आडवा हो आणि बघ."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)