सुताचें जाळें, नायलॉनचें जाळें

धर्मग्रामाच्या महोत्सवी पुस्तिकेंत समुद्राचा विषय कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत सहज येईल. लोणावळ्याहून समुद्र दिसत नाहीं, आणि मावळच्या माणसाला खेकडा ठाऊक आहे तो ओढ्याच्या कपारींतला. तथापि आमच्यांतील कित्येक घराण्यांचीं मूळ गांवें वसई, उत्तन, मनोरी या बाजूस आहेत. शिवाय दुसरेंही एक नातें आहे. घाटमाथा हा पाण्याचा उंबरठा होय. इंद्रायणी व पवना पूर्वेस वळून भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास मिळतात. राजमाचीच्या बाजूनें उतरणारी उल्हास मात्र कल्याणवरून वसईच्या खाडीस जाते. मनुष्यानें यांत भर घातली. टाटांचें खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें. वळवण, शिरोता व लोणावळा येथील तलावांचें जें पाणी एरव्हीं पूर्वेस गेलें असतें, तें या वीजघरासाठीं घाट उतरून पाताळगंगेंत पडतें व धरमतरच्या खाडीस पोहोंचतें. या खाड्यांच्या चिखलांतच चिंबोरी राहते. तेव्हां तेथील तळाशीं काय पडलें आहे याची चौकशी करणें आम्हांस परकें वाटत नाहीं.

पूर्वीं जाळें सुताचें अथवा सणाचें असे. तें कुजूं नये म्हणून कोळी लोक झाडाच्या सालीच्या रंगांत तें वारंवार भिजवीत व उन्हांत वाळवीत. जाळें शिवणें, सांधणें, रंगविणें यांत घरादाराचे दिवसचे दिवस जात. इतकें करूनही एखादें जाळें समुद्रांत हरवलें, तर कांहीं महिन्यांत समुद्रच तें खाऊन टाकी. धन्याची हानि होई. माशांची होत नसे.

१९३५ सालीं अमेरिकेंत नायलॉनचा शोध लागला, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत असल्या धाग्याचीं जाळीं आमच्या किनाऱ्यावर पसरलीं. हलकें, बळकट, न कुजणारें जाळें हातीं येतांच रंगाच्या कढया थंड झाल्या. यांत कोळ्यांनीं पाप केलें असें आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. श्रमाचें ओझें कोणास नकोसें नसतें? परंतु जो गुण धन्याच्या हातीं असतांना उपकारक, तोच धन्याच्या हातून सुटल्यावर घातक ठरला. आणि जाळीं ‘टाकून दिलेलीं’ म्हणतात, तो शब्दही आम्हांस कठोर वाटतो. बहुतेक जाळीं हरवतात: वादळानें, ओढीनें, खडकांत अडकून, अथवा मोठ्या यांत्रिक होडीनें खुणेचा दोर तोडल्यामुळें. जाळ्याची किंमत भरणारा गरीब माणूस तें हौसेनें सोडीत नाहीं.

खेकड्यांच्या बाबतींत हा अनर्थ कसा घडतो तें पाहण्याजोगें आहे. आमच्याकडचा फग म्हणजे कड्याला विणलेलें उथळ जाळें. तें तळावर पसरून राहतें आणि वर ओढलें तरच त्याची पिशवी होते, म्हणून विसरलेला फग फारसें पकडीत नाहीं. बंद पिंजऱ्याचें तसें नव्हे. आमिषाच्या वासानें खेकडा आंत शिरतो, त्याला वाट सांपडत नाहीं, तो मरतो; आणि त्याचेंच शव पुढच्या खेकड्याचें आमिष होतें. दोर तुटलेला पिंजरा अशा रीतीनें वर्षानुवर्षें धन्यावांचून मासेमारी करीत राहतो.

हे पिंजरे काढण्याचें काम प्रथम जोरानें हातीं घेतलें गेलें तें अमेरिकेंत. टेक्सास राज्यानें २००१ सालीं कायदा करून २००२ पासून फेब्रुवारींत दहा दिवस खेकड्यांची पिंजऱ्यांनीं होणारी मासेमारी बंद ठेविली. त्या दिवसांत पाण्यांत जो पिंजरा दिसेल तो बेवारस समजून स्वयंसेवकांनीं उचलावा. आजवर ४० हजारांहून अधिक निघाले. व्हर्जिनिया राज्याची रीत आम्हांस अधिक आवडली. २००८ सालीं तेथील खेकड्यांची हिवाळी मासेमारी बंद झाली, तेव्हां ज्यांचा धंदा बुडाला त्यांनाच मजुरी देऊन, ध्वनिलहरींनीं तळ दाखविणारीं यंत्रें हातीं देऊन, पिंजरे काढावयास लाविलें. २०१४ पर्यंत ३४ हजारांहून अधिक पिंजरे निघाले. पुढें २०१६ सालीं अभ्यासकांनीं असा हिशेब मांडला कीं, त्यामुळें चालू पिंजऱ्यांत सांपडणारे खेकडे वाढले. कारण हरवलेला पिंजरा हा जित्या पिंजऱ्याचा प्रतिस्पर्धीच असतो.

आपल्या देशांतही कांहीं घडलें आहे. केरळांत कोल्लमच्या कोळ्यांनीं २०१७ सालीं जाळ्यांत येणारें प्लास्टिक व जाळ्यांचे तुकडे पुन्हां पाण्यांत न टाकतां बंदरावर आणण्यास आरंभ केला. बायकांनीं तें धुऊन निवडलें, आणि त्याचा चुरा रस्त्याच्या डांबरांत गेला. महाराष्ट्र सरकारनें २०१८ च्या डिसेंबरांत ठरविलें कीं, कासवासारखा संरक्षित प्राणी सोडविण्यासाठीं कोळ्यानें आपलें जाळें कापलें, तर त्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. निर्णय न्यायाचा आहे. मात्र ती भरपाई कापलेल्या जाळ्याची; जें आधींच पाण्यांत बेवारस फिरत आहे, त्याचा बंदोबस्त तिनें होत नाहीं. त्यासाठीं व्हर्जिनियाप्रमाणें मजुरीच दिली पाहिजे, असें आमचें मत आहे.

वॉशिंग्टन राज्यांत प्यूजेट साउंड नांवाचें आखात आहे. तेथें वर्षाला सुमारें १२ हजार पिंजरे हरवतात असा अंदाज केला गेला आहे. म्हणून तेथील नियम असा कीं, पिंजऱ्याचें झांकण अथवा एक झरोका सुती दोरीनें बांधलेला असावा. पिंजरा हरवला तर दोरी खाऱ्या पाण्यांत कुजते, झांकण सुटतें व खेकडा बाहेर पडतो. उत्तनच्या जुन्या माणसांनीं जें कुजणें टाळण्यासाठीं जन्मभर साली उकळल्या, तेंच तिकडे कायद्यानें सक्तीचें झालें आहे! हौशी मासेमारांच्या पिंजऱ्याची दोरी एक-अष्टमांश इंचाहून जाड नसावी आणि तिला कसलेंही रोगण लाविलेलें नसावें, हेंही नियमांत लिहून ठेविलें आहे.