सहा पेन्सची भेट : ली नॅश ह्यांचा पहिला स्वतंत्र गीतसंग्रह

अमेरिकन ख्रिस्ती पॉप-रॉक गायिका ली नॅश ह्यांचा ‘ब्ल्यू ऑन ब्ल्यू’ हा पहिला स्वतंत्र गीतसंग्रह १५ ऑगस्ट २००६ रोजी प्रकाशित झाला. तत्पूर्वी सुमारे बारा वर्षे त्या ‘सिक्सपेन्स नन द रिचर’ ह्या बँडच्या प्रमुख गायिका होत्या. ख्रिस्ती गायकाने केवळ उपासनेचीच गीते गावीत काय, हा प्रश्न संगीताची आवड असलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत केव्हा ना केव्हा उपस्थित होतो. त्या प्रश्नाच्या अनुषंगाने ह्या संग्रहाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

नावामागील दृष्टान्त

बँडचे नाव सी. एस. लुईस ह्यांच्या ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ (१९५२) ह्या ग्रंथावरून घेतलेले आहे. लुईस अँग्लिकन होते. तथापि कॅथलिक वाचकांमध्येही त्यांना मानाचे स्थान आहे. वडिलांना वाढदिवसाची भेट घेता यावी म्हणून वडिलांकडेच सहा पेन्स मागणाऱ्या मुलाचा दृष्टान्त ते देतात. भेट मिळाल्यावर वडील आनंदित होतात. परंतु त्यांच्या संपत्तीत काही भर पडत नाही. आपण देवाला जे अर्पण करतो ते मूळचे त्याचेच असते, हा त्यातील बोध. मिस्सामध्ये भाकर व द्राक्षारस अर्पण करताना आपल्या मनात हाच भाव असतो. १९९९ साली डेव्हिड लेटरमन ह्यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात नॅश ह्यांनी नावाचा हा अर्थ सर्वांसमोर स्पष्ट केला होता.

बँडची वाटचाल

ली नॅश ह्यांचा जन्म १९७६ साली टेक्सास राज्यात झाला. न्यू ब्राउनफेल्स ह्या गावी वाढत असताना चर्चच्या एका रिट्रीटमध्ये त्यांची मॅट स्लोकम ह्या तरुण गिटारवादकाशी ओळख झाली आणि १९९२ साली बँडचा आरंभ झाला. ‘द फादरलेस अँड द विडो’ (१९९४) ह्या पहिल्याच संग्रहाच्या शीर्षकात पवित्र शास्त्रातील अनाथ व विधवा ह्यांचे स्मरण आहे. १९९७ च्या संग्रहातील ‘किस मी’ हे प्रेमगीत पुढे जगभर गाजले. १९९९ साली ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

यशापाठोपाठ परीक्षाही आली. ध्वनिमुद्रण कंपनीच्या अडचणींमुळे पुढील संग्रह, ‘डिव्हाइन डिसकन्टेंट’, प्रकाशित होण्यास २००२ साल उजाडले. २००४ साली बँड विसर्जित झाला. त्याच वर्षी नॅश आई झाल्या.

एकटीचा स्वर

बँडमधील बहुतेक गीते स्लोकम लिहीत असत. त्या शब्दांना नॅश ह्यांनी आवाज दिला होता. ‘ब्ल्यू ऑन ब्ल्यू’मध्ये मात्र गीतलेखनातही त्यांचा सहभाग आहे. निर्मिती कॅनडाचे पिएर मार्शां ह्यांची असून ‘माय आयडिया ऑफ हेवन’ हे त्यातील एक परिचित गीत होय. हा स्तोत्रसंग्रह नव्हे. प्रेम, संसार आणि मातृत्व हे त्याचे विषय आहेत व त्याची रचना सर्वसाधारण पॉप संगीताच्या धाटणीची आहे.

मग ह्यास ख्रिस्ती संगीत म्हणावे काय? आमच्या मते केवळ शीर्षकावरून वा शब्दांवरून ह्याचा निवाडा करणे घाईचे ठरेल. उपासनासंगीताची मर्यादा वेगळी आहे व ती पाळलीच पाहिजे. मिस्सामध्ये कोणतेही आवडते गीत चालत नाही. परंतु देवळाबाहेरचे सारे जीवन देवाबाहेरचे आहे, असे ख्रिस्तसभेने कधीच शिकविलेले नाही. विवाह तर आपण संस्कार मानतो. तान्ह्या बाळाच्या आईने आपल्या आनंदाविषयी व भीतीविषयी प्रामाणिकपणे गावे, ह्यात तिच्या श्रद्धेशी विसंगत असे काही नाही.

पुढील वाटचालीनेही हेच दर्शविले. २००७ साली नॅश व स्लोकम पुन्हा एकत्र आले आणि २००८ साली बँडचा ‘द डॉन ऑफ ग्रेस’ हा नाताळगीतांचा संग्रह निघाला. २०११ साली नॅश ह्यांनी ‘हिम्स अँड सेक्रेड साँग्ज’ हा भक्तिगीतांचा स्वतंत्र संग्रहही दिला. प्रेमगीत गाणारा व स्तोत्र गाणारा कंठ एकच होता.

बँड मोडला, कंपनी गेली, सोबती पांगले. तरी मुलाच्या हातातील सहा पेन्स हरवले नव्हते. आपल्या गायनवृंदांतील मुलामुलींनी व त्यांच्या पालकांनी एवढे ध्यानी घ्यावे, की व्यासपीठ बदलले तरी देणगी देणारा बदलत नाही, आणि ती त्याच्याच हाती परत करावयाची असते.