डावपेच आणि व्यूहरचना : एका शब्दजोडीची कुळकथा

आंतरराष्ट्रीय राजकारणावरील मराठी लेखनात ‘टॅक्टिक्स’साठी डावपेच आणि ‘स्ट्रॅटेजी’साठी व्यूहरचना किंवा रणनीती हे शब्द रूढ आहेत. तात्कालिक फायद्यासाठी खेळलेली चाल एका बाजूला आणि अनेक वर्षांपुढचे उद्दिष्ट धरून केलेली आखणी दुसऱ्या बाजूला, असा भेद या जोडीत गृहीत असतो. आज तो उघड वाटतो. पण तो स्पष्ट व्हायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

दोन्ही युरोपीय शब्द ग्रीक मुळाचे आहेत. ‘स्ट्राटोस’ म्हणजे सैन्य आणि ‘आगेइन’ म्हणजे नेणे. सैन्य नेणारा तो ‘स्ट्राटेगोस’. अथेन्समध्ये दरवर्षी असे दहा अधिकारी निवडले जात. सैन्य आणि आरमार सांभाळण्याबरोबरच नगरराज्याच्या राजकारणातही त्यांचे वजन असे. ‘टॅक्टिक्स’चे मूळ ‘टासेइन’, म्हणजे रांगेत लावणे, या क्रियापदात आहे. रणांगणावर सैनिकांच्या ओळी कशा उभ्या करायच्या, एवढाच त्याचा मूळ विषय.

स्ट्राटेगोस या पदावर पेरिक्लीझ अनेक वर्षे सलग निवडून आला. इ. स. पूर्व ४३१ मध्ये स्पार्टाशी युद्ध पेटले, तेव्हा त्याने स्पार्टाच्या बलाढ्य पायदळाशी जमिनीवर लढाई टाळण्याचे धोरण आखले. शेतशिवार शत्रूच्या हाती उद्ध्वस्त होऊ द्यावे, लोकांनी तटबंदीच्या आत राहावे, आरमार राखावे आणि युद्ध चालू असताना नव्या मुलखाचा मोह धरू नये, असे त्याचे म्हणणे होते. इ. स. पूर्व ४२९ मध्ये साथीच्या रोगाने तो वारला. पुढे अथेन्सने सिसिलीवर स्वारी केली आणि इ. स. पूर्व ४१३ मध्ये ते आरमार व सैन्य तिथेच नष्ट झाले. ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द आजच्या अर्थाने तेव्हा नव्हता, पण ती गोष्ट आणि तिचा विसर पडल्याचे फळ अथेन्सने पाहिले होते.

रोमच्या पाडावानंतर हे शब्द पूर्वेकडील बायझंटाइन साम्राज्यातल्या युद्धविषयक ग्रंथांत टिकले. सम्राट सहावा लिओ (राज्यकाल ८८६ ते ९१२) याच्या नावावरचा ‘टाक्टिका’ हा ग्रंथ त्यांतला महत्त्वाचा. १७७१ मध्ये जोली द मेझरॉय या फ्रेंच अधिकाऱ्याने त्याचा अनुवाद प्रसिद्ध केला, आणि ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द पश्चिम युरोपच्या लष्करी चर्चेत आला. इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रुळला.

आता दोन्ही शब्दांमधली सीमा ठरवणे आले. १७९९ मध्ये प्रशियाच्या डीट्रिख फॉन ब्यूलोने ती अंतरावर ठरवली. शत्रूच्या नजरेच्या आणि तोफांच्या टप्प्याबाहेरच्या हालचाली म्हणजे स्ट्रॅटेजी आणि टप्प्याच्या आतल्या म्हणजे टॅक्टिक्स. प्रशियाचाच सेनाधिकारी क्लाउझेव्हित्स याने ही मोजपट्टीच बदलली. त्याचा ‘युद्धाविषयी’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ पासून, पत्नी मारी हिने प्रसिद्ध केला. चकमकीत सैन्य कसे वापरायचे ते टॅक्टिक्स. युद्धाचा हेतू साधण्यासाठी चकमकी कशा वापरायच्या ते स्ट्रॅटेजी, अशी त्याने मांडणी केली. युद्ध हे राजकारणाचेच साधन आहे, असेही तो म्हणत असल्याने चकमक युद्धासाठी आणि युद्ध राजकीय उद्दिष्टासाठी अशी उतरंड तयार झाली. भेद अंतराचा राहिला नाही, हेतूचा झाला. लष्करी शब्दांना राजकारणाचे दार उघडले ते इथे.

या भेदाचे दोन चेहरे प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्या एकाच कारकिर्दीत दिसतात. ३ जुलै १८६६ रोजी प्रशियाने ऑस्ट्रियाचा निर्णायक पराभव केला. राजा आणि सेनापती व्हिएन्नावर चाल करून जायला उत्सुक होते. बिस्मार्कने त्यांना रोखले आणि सौम्य तह केला. ऑस्ट्रियाची मूळ भूमी प्रशियाने घेतली नाही. १८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात ऑस्ट्रिया तटस्थ राहिला आणि १८७९ मध्ये तर जर्मनीचा मित्र बनला. मात्र १८७१ मध्ये फ्रान्सकडून आल्सास आणि लॉरेनचा भाग घेतला गेला. लष्कराच्या दृष्टीने सरहद्द बळकट झाली, पण फ्रान्सचे वैर कायमचे पदरी पडले आणि १९१४ पर्यंत जर्मनीच्या परराष्ट्र धोरणाला ते जखडून राहिले.

विसाव्या शतकात या शब्दांनी रणांगणाची हद्द ओलांडली. साम्यवादी विचारात ही जोडी पक्षाच्या राजकारणासाठी वापरली गेली; स्टालिनच्या १९२४ च्या व्याख्यानांत तिला स्वतंत्र प्रकरण आहे. ब्रिटिश लेखक लिडेल हार्ट याने युद्धानंतरच्या शांततेपर्यंत नजर पोहोचवणाऱ्या ‘ग्रँड स्ट्रॅटेजी’ची कल्पना मांडली. २२ फेब्रुवारी १९४६ रोजी मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीतून जॉर्ज केनन याने पाठवलेल्या लांबलचक तारेतून आणि १९४७ च्या लेखातून सोव्हिएत विस्ताराला धीराने, वर्षानुवर्षे बांध घालण्याचे धोरण पुढे आले. उलट जून १९४८ मध्ये स्टालिनने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली, तो डावपेच होता. वेगळे पश्चिम जर्मन राज्य उभे राहू नये, हा त्यामागचा एक हेतू. एप्रिल १९४९ मध्ये नाटो करार झाला आणि मे महिन्यात, नाकेबंदी उठल्यानंतर थोड्याच दिवसांत, पश्चिम जर्मनीची राज्यघटना अमलात आली. जे टाळायचे होते, तेच त्या चालीने जवळ आणले.

मराठी शब्दांचे कूळ वेगळे आहे. डाव आणि पेच हे आखाड्यातले शब्द. ढाक, धोबीपछाड हे डाव; फारसी ‘पेच’ म्हणजे पीळ, वळसा. ‘व्यूह’ संस्कृत आहे आणि त्याचा मूळ अर्थ सैन्याची मांडणी. महाभारतातला चक्रव्यूह सर्वपरिचित आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात दंड, भोग, मंडल, असंहत असे व्यूह सांगितले आहेत. म्हणजे व्युत्पत्तीने पाहता ‘व्यूहरचना’ ही ग्रीक ‘टॅक्टिक्स’ची सख्खी बहीण ठरते, मराठीने ती ‘स्ट्रॅटेजी’च्या घरी दिली. कौटिल्याची दूरदृष्टी व्यूहांत नाही, सातव्या अधिकरणातल्या षाड्गुण्यात आहे. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव या सहा धोरणांची कसोटी क्षय, स्थान आणि वृद्धी ही आहे. आपली हानी थोड्या काळाची आणि शत्रूची दीर्घकाळची असेल, तर ती सोसावी, असे तो सांगतो.

मराठी राज्यकारभारातही असा विचार लेखी आढळतो. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, स्वतंत्र प्रकरण आहे. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत. त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत, असा त्यातला इशारा आहे. साठ वर्षांनी, १७७५ मध्ये, रघुनाथरावांनी पेशवेपदासाठी सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी होळकरांपासून बचाव करण्यासाठी वसईचा तह केला. तैनाती फौज आली, १८०३ मध्ये पुण्याची गादीही परत मिळाली. मात्र इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला विचारल्यावाचून इतर सत्तांशी बोलणी करण्याचा हक्क त्याच तहाने गेला, आणि १८१८ मध्ये गादीही गेली.